संशोधन चालू आहे

आमच्या कॉलेजात काहीही न करणारा प्राध्यापक एकही नव्हता, आणि याचं संपूर्ण श्रेय आमच्या भूगोलाच्या सरांना आहे. हे मी जबाबदारीनं सांगतो, कारण काहीही न करणाऱ्यांपैकी मी स्वतः एक होतो. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, सरकीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर भरणारं आमचं छोटंसं कला महाविद्यालय, खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर पत्रा आणि पत्र्यावर ऊन. अशा ठिकाणी दुपारचा तास घेऊन माणूस शुद्धीत घरी पोचला तरी ती कामगिरीच. पण सरांचं तेवढ्यावर समाधान होत नसे. दरवर्षी जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपली की आमचं स्नेहसंमेलन असे, त्यात प्राचार्य वार्षिक अहवाल वाचत, आणि त्यातलं 'प्राध्यापकांची कामगिरी व उपक्रम' हे प्रकरण सर लिहीत. बाकीचा अहवाल दोन पानांचा असे. हे प्रकरण सतरा पानांचं.

सर प्रत्येकाला त्याच्या विषयानंच हाक मारत. "काय तर्कशास्त्र, सर्दी गेली का?" किंवा "अर्थशास्त्र, तुमच्या डब्यात शेंगाचटणी दिसतीय." बारा महिने अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला तपकिरी लोकरी कोट, खिशात निळी वही, कानावर लाल पेन्सिल. मे महिन्यात त्यांच्याकडे नुसतं बघूनच आम्हाला घाम फुटायचा. नोव्हेंबर लागला की ही मूर्ती कामगिरीच्या शोधात निघे. माझी पहिली पाळी मला लख्ख आठवते.

"अहो मराठी, या वर्षी काय केलंत?"

"काही नाही, सर. जूनमध्ये तर रुजू झालो."

"असं नसतंय. सप्टेंबरात दोन दिवस रजा काढलीत. कुठं होता?"

"माळशिरसला, बहिणीकडे. खाल्लं आणि झोपलो. एकदा भाच्याला शाळेत सोडायला गेलो, गुरुजी आले नव्हते, पोरं दंगा करत होती म्हणून एक गोष्ट सांगितली. बस."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली. "उभं राहून सांगितली की बसून?"

"उभं राहून."

"मग ते व्याख्यान झालं की!"

"आणि बसून सांगितली असती तर?"

"तर गप्पा. गप्पांची नोंद होत नाही."

अहवालात छापून आलं, 'मराठीच्या प्राध्यापकांनी माळशिरस येथे बालसाहित्य या विषयावर व्याख्यान दिले.' आईनं ते पान देवापाशी ठेवलं आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागली. त्यानंतर मी तिला खरं काय ते सांगायचा विचार सोडून दिला.

माझ्यापेक्षा थोर कामगिऱ्या होत्या. अर्थशास्त्र मोहोळला गाय घ्यायला गेले आणि भाव ऐकून रिकाम्या हातानं परतले, ती 'पशुधन बाजारपेठेची प्रत्यक्ष पाहणी' झाली. शेजारच्या दोन भावांचं नळावरून जुंपलेलं भांडण तर्कशास्त्रांनी गॅलरीतून शेवटपर्यंत पाहिलं, ते 'सामाजिक संघर्षाचे निरीक्षण' ठरलं. पण एक सांगितलं पाहिजे. सर खोटं कधी लिहीत नसत. माणसानं जे केलं त्याला ते मोठे कपडे चढवत, पण आत माणूस हवाच. इंग्रजींनी एकदा पुण्यात कुठल्याशा संमेलनाचं अध्यक्षपद भूषवल्याचं सांगितलं. सरांनी त्या मंडळाला चौकशीचं जोडकार्ड टाकलं, उत्तर आलं, आणि अहवालात नोंद झाली, 'इंग्रजीच्या प्राध्यापकांनी पुणे येथे अध्यक्षांस पुष्पहार घातला.' इंग्रजी त्यानंतर वर्षभर सरांशी बोलले नाहीत. सरांनी पुढच्या वर्षी त्याचीही नोंद 'मौनाचा प्रयोग' अशी करायला घेतली होती. प्राचार्यांनी हात जोडले म्हणून राहिली.

आता एवढा सगळ्यांचा उत्कर्ष करणाऱ्या माणसाची स्वतःची नोंद काय? अगदी शेवटी एकच ओळ, 'भूगोलाच्या प्राध्यापकांचे संशोधन चालू आहे.' मी आलो तेव्हा ती दहा वर्षांची होती. संमेलनात पोरं सतरा पानं कशीबशी गिळत, पण प्राचार्य 'भूगोलाच्या प्राध्यापकांचे संशोधन' इथवर आले की सगळा हॉल एका आवाजात ओरडे, "चालू आहे!" आणि बाकं बडवली जात. सर त्या वेळी रंगमंचावरच्या मागच्या पडद्याआड उभे असत. पडदा वीतभर आखूड होता, त्यामुळे त्यांचे तपकिरी बूट सगळ्यांना दिसत. बाकं वाजू लागली की ते बूट हळूच वळत आणि निघून जात.

संशोधन होतं जिल्ह्यातल्या आठवडे बाजारांवर. कुठल्या गावचा माल कुठल्या बाजाराला जातो याचे नकाशे काढायचे, त्यावर प्रबंध लिहायचा. कॉलेजात तोवर कुणाचाच प्रबंध झालेला नव्हता. सर रजा टाकून एस.टी.नं बाजारोबाजार हिंडत. कोट घालून, वही उघडून विक्रेत्यापुढे उभे राहत आणि विचारत, "गाव कुठलं? काय आणलंत? किती आणलंत?" काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आम्हाला पोहे देता देता म्हणायच्या, "मी लग्न झाल्यापासून सांगतेय, त्या कोटात तुम्ही धाड घालायला आल्यासारखे दिसता." सर म्हणायचे, "संशोधकाला संशोधकाचा वेश पाहिजे की!"

या संशोधनातून एक मोठा शोध लागला होता. तो म्हणजे निंबवाडी. दक्षिणेकडच्या बाजारांत, विशेषतः मंद्रूपला, वांगी म्हणू नका, मिरच्या म्हणू नका, कांदे म्हणू नका, सगळं निंबवाडीहून येत होतं. सरांच्या नकाशात सगळ्यात जाड बाण निंबवाडीहून निघायचा. एवढंसं कोरडवाहू गाव अर्ध्या तालुक्याला भाजी कसं पुरवतं यावर प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं, चौऱ्याण्णव पानांचं. मी विचारलं, "सर, तुम्ही निंबवाडी पाहिली आहे?" ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "अहो मराठी, तिथं बाजारच भरत नाही. मग जायचं कशाला?"

ज्या वर्षी एप्रिलात ते निवृत्त होणार होते, त्या वर्षी त्यांनी मला बाजूला घेतलं. "मराठी, यंदा ती ओळ बदलायची. प्रबंध सादर केला, असं वाचायला लावायचं प्राचार्यांना. पोरं काय ओरडतात बघू." बारा वर्षं तो माणूस पडद्याआड उभा राहून काय ऐकत होता ते मला तेव्हा समजलं. फक्त मंद्रूपची एक शेवटची फेरी राहिली होती, आणि त्याच आठवड्यात काकूंनी संमेलनासाठी कोट धुलाईला टाकला. सर नुसत्या सदऱ्यात यायला तयार नव्हते. मी त्यांना जवळजवळ ओढूनच एस.टी.त बसवलं.

मंद्रूपला थंडीतही दुपारचं ऊन मी म्हणत होतं. कोटाशिवाय सरांना उभं राहायचा आत्मविश्वासच राहिला नव्हता. ते एका वांगीवालीपुढे चक्क मांडी घालून बसले.

"मावशी, गाव कुठलं?"

"औराद की."

पेन्सिल थांबली. सरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मावशी, तुम्ही निंबवाडीच्या ना? बारा वर्षं लिहितोय मी."

तिनंही त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अगं बया! तुमी कोटाचं साहेब व्हय?" मग शेजारणीला कोपरानं ढोसून, "गंगव्वा, बघ की, वजनमापाचं साहेब! आज कोट न्हाय!"

गंगव्वा हसली, तिच्या पलीकडचा कांदेवाला हसला, हसू सगळ्या ओळीतून मिरचीवाल्यापर्यंत गेलं. सर म्हणाले, "वजनमापाचा? मी प्राध्यापक आहे!"

"आमाला काय ठावं? आमची मापं दगडाची. तुमी वही घिऊन हुबं ऱ्हायचा, गाव इचारायचा. खरं सांगिटलं तर घरला नोटीस यायची की. पयल्यांदा एकीनं निंबवाडी सांगिटलं, तुमी लिवलं आन् गप फुडं गेला. मग आमी समदीच निंबवाडीची झालो."

"सगळेच?"

"व्हय. तुमचा कोट लांबनं दिसला की हाळी जायाची, निंबवाडी आली, निंबवाडी!"

सरांनी अगदी हळू विचारलं, "आणि निंबवाडीत पिकतं काय?"

"तितं? कुसळं." मग त्यांचा चेहरा बघून ती वरमली. "लई मनाला लावून घिऊ नका साहेब. ही वांगी न्या."

येताना एस.टी.त सर मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन बसले होते. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होतो. सोलापूर जवळ आल्यावर ते म्हणाले, "मराठी, आणि मंद्रूपला खोटं सांगितलं, तर इतर बाजारांत काय केलं असेल हो?" मग मला हसू आलं नाही.

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. "सर, विद्यापीठात कोण विचारणार आहे वांगी कुठली? द्या सादर करून. आपल्या कॉलेजचा पहिला प्रबंध. सत्काराची चादर आणून ठेवली आहे मी." खरं सांगायचं तर मीही तेच म्हणालो. सर खाली बघत म्हणाले, "इंग्रजींचं अध्यक्षपद मी पुसलं, साहेब. माझी निंबवाडी कशी ठेवू?"

संमेलनात प्राचार्य शेवटच्या ओळीशी आले. "भूगोलाच्या प्राध्यापकांचे संशोधन..." पोरांनी छाती भरून श्वास घेतला. प्राचार्य म्हणाले, "...पुन्हा सुरू झाले आहे." निम्मी पोरं "चालू" म्हणून अडकली, निम्मी गडबडून "सुरू" म्हणाली, आणि मग असा हशा झाला की खालचे माग ऐकू येईनात. बूट त्या वर्षी हशा संपायच्या आतच गेले. चादर आणलेलीच होती, ती प्रमुख पाहुण्यांना घातली.

निवृत्तीनंतर सरांनी कोट पेटीत ठेवला आणि पहिल्या बाजारापासून पुन्हा सुरुवात केली. सदरा, पायात वहाणा, विक्रेत्याशेजारी बसकण, दोन कप चहा. निळी वही आणि अहवालाचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांनी त्यांचे गुडघे धरले, तेव्हा एका मिरचीवाल्याचं खरं गाव विचारायला त्यांनी मला मंद्रूपला पाठवलं. वांगीवालीनं आधी "साहेब कुटं हायत?" म्हणून माझीच उलटतपासणी घेतली आणि मग मला हवं ते सगळं सांगितलं. परत येऊन मी सगळं सांगितल्यावर सरांनी पेन्सिल उचलली.

"उभं राहून विचारलंत की बसून?"

"बसून, सर." मला वाटलं, गेली नोंद.

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "बाजारात बसूनच विचारायचं असतं. उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही. बारा वर्षं लागली मला. घ्या लिहून तुमच्या नावावर."

मी लिहून घेतलं, आणि त्याखाली माझ्या अधिकारात एक ओळ वाढवली. प्राचार्यांनी ती वाचताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कारण निवृत्त माणसाची नोंद अहवालात करायची पद्धत नव्हती. पण तोंडातून शब्द निघून गेले होते, "भूगोलाच्या सरांचे संशोधन..." समोरच्या पोरांपैकी एकही त्यांच्या वर्गात बसलेलं नव्हतं. तरी सगळा हॉल ओरडला, "चालू आहे!" बाकं वाजली. मी पडद्याखाली पाहिलं. तिथं दोन वहाणा होत्या. त्या वळल्या नाहीत. उजवी वहाण बाकांच्या तालावर हलत होती.

त्याच्या पुढच्या संमेलनाला पडद्याखाली कुणी नव्हतं. नवे नकाशे काकूंकडे आहेत, अर्धे काढलेले, पेन्सिलीत, निंबवाडीच्या जागी नुसता एक ठिपका. आता प्राचार्य म्हणून अहवाल मीच वाचतो. शेवटच्या पानाशी आलो की एकदा पडद्याच्या काठाकडे बघून घेतो, आणि मग ती ओळ अर्धीच वाचून पोरांसाठी थांबतो.