दुसरी खुर्ची

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी गोरेगावला स्टुडिओत होतो. वय झालं, करवत आता हातात धरवत नाही, तरी सेट लागत असला की जाऊन उभा राहतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. दुपारी जेवून, वाचता वाचता... मी विचारलं, "वाचून झालं होतं का गं तिचं?" का विचारलं, माझं मलाच कळलं नाही. पण कुंदा माझी धाकटी बहीण. अर्धवट वाचून ठेवलेलं तिला कधी चालायचं नाही.

पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, मुलुंडच्या शाळेत कितीतरी मुलं घडवली बाईंनी, गोष्टी लिहिल्या, एका गोष्टीचा सिनेमा झाला. सगळं खरं. पण त्या गोष्टीतला वाईट भाऊ मी आहे, हे माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. म्हणून मीच लिहितो. मी पाचवीपर्यंत शिकलेला. भाची म्हणाली, मी नीट करून देते. नको म्हटलं.

आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर गावी गेले, मालवणच्या बाजूला, आणि तिथेच वारले. दिवसकार्य उरकलं नि दुसऱ्याच दिवशी मी कुंदापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. आमच्याकडे रीतच तशी. बहिणीने सही करून घर-जमीन भावाला सोडायची, भावाने साडी द्यायची, माहेर शाबूत राहिलं म्हणून सगळ्यांनी समाधान मानायचं. कुंदाचा नवरा लवकर गेलेला, ती स्वतःच्या पगारावर मुलगी वाढवत होती. तिने कागद दोनदा वाचला. माझ्याकडे बघितलं. मी वकिलाच्या माणसाकडे बघत राहिलो. तिने सही केली, उठली, आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

दोन वर्षांनी एका दिवाळी अंकात तिची गोष्ट आली. एक भाऊ, एक बहीण, एक कागद. नावं बदललेली, पण बोरिवलीतल्या आमच्या भावकीने लगेच ओळखलं. साडू म्हणाला, "तुम्ही तर छापून आलात की राव!" मी कुंदाला फोन लावला. "घरातलं चव्हाट्यावर कशाला आणलंस?"

"दादा, त्यात खोटं काय ते सांग. पुढच्या वेळी काढून टाकते."

सांगता येईना, म्हणून बोलणंच टाकलं. सहा भाऊबीजा गेल्या. दर वर्षी तिचा फोन वाजायचा, दर वर्षी मी वाजू द्यायचो. मी हट्टी, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

मग एका तरुण मुलीने त्या गोष्टीवर सिनेमा करायचा ठरवला. कुंदाने एकच अट घातली... घराचा सेट माझ्या भावाकडून बांधून घ्यायचा. ती दिग्दर्शक मुलगी माझ्याकडे आली. नाही म्हणणार होतो, पण मग कुंदा म्हणाली असती, दादा घाबरला. घेतलं काम. स्टुडिओत मी गावचं आमचं घर जसंच्या तसं उभं केलं. प्लायवूडचं, पण झकास! पडवी, माजघराची चौकट, रंगवलेल्या चिऱ्याच्या भिंती. एकच गोष्ट पदरची घातली. पडवीत भावाच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडली. ती मांडायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी कुंदा आली. केस पार पांढरे झालेले. घरभर हिंडली, चौकटीवरून हात फिरवला, आणि पडवीत थांबली.

"दादा, ही खुर्ची कुठली?"

"होती की दुसरी."

"मग मी कुठे बसले होते?"

सगळं युनिट बघत होतं. दिग्दर्शक मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला आठवत असेल तर सांगा, तिथेच बसवते." आठवत होतं ना. माजघराच्या उंबऱ्याशी, जमिनीवर, कागद मांडीवर घेऊन. साधा पाटसुद्धा दिला नव्हता तिला... मी ती खुर्ची उचलली, सेटच्या मागे नेऊन ठेवली, परत आलो आणि उंबऱ्याकडे बोट केलं. "इथे."

कुंदा दिग्दर्शक मुलीला म्हणाली, "लिहून घे. हा सुतार खोटं काम करत नाही."

शॉट झाला. नटीने सही केली आणि उठून चूल पेटवायला गेली. कोणीतरी म्हणालं, बाईने थोडं रडायला नको का? तर कुंदा म्हणाली, "सिनेमातल्या बाईने हक्क सोडला की वारा सुटतो, पडदे उडतात. आमच्याकडची बाई सही करते आणि चहात साखर किती म्हणून विचारते." मी प्लायच्या आड उभा होतो. बरं झालं, आड होतो.

त्याच महिन्यात तालुक्याला जाऊन अर्ध्या घराचं बक्षीसपत्र केलं आणि तिच्या हातात दिलं. तिने वरची ओळ वाचली. "बक्षीस कसलं रे? माझंच मला?"

"कागदाला म्हणतात तसं. मी नाही ठेवलं नाव."

"बरं. बोलताना मात्र वाटणी म्हणायचं."

तेव्हापासून वाटणीच म्हणतो. भावकी म्हणाली, बहिणीपुढे वाकलास. म्हणू देत. त्यांच्यापैकी कोणाच्या बहिणीच्या गोष्टीचा सिनेमा निघालाय?

पुढे मी रविवारी तिच्याकडे मुलुंडला जायला लागलो. दुपारी तिथे आठ-दहा बायका जमायच्या. गोष्टीतली नाहीतर सिनेमातली एखादी बाई घ्यायची आणि तिच्यावरून कडाकडा भांडायचं. शेवटी प्रत्येकीने सांगायचं, मी असते तर काय केलं असतं. एकदा घर सोडून जाणाऱ्या नायिकेसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर पोळ्या करणाऱ्या ताई म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट हिने कुठून भरलं? ते दाखवलंच नाही!" कुंदा इतकी हसली... म्हणाली, हे विचारायला कोणी समीक्षक पुढे आला नव्हता.

गेल्या रविवारी कोणी न बोलावता सगळ्या आल्या. त्यांच्यात घाटकोपरची सुमन होती. तिच्या भावाने हक्कसोडीचा कागद पाठवलेला, सोमवारी गावी जाऊन सही करायची होती. कुंदाबाईंना विचारायचं राहून गेलं, म्हणाली. मुग्धा आईची तीच गोष्ट वाचायला बसली, पण दुसऱ्या ओळीलाच तिने अंक खाली ठेवला. अंक मी घेतला. अक्षरं लावत लावत वाचली. तासभर लागला, कोणी उठलं नाही.

सुमनने विचारलं, "काका, तो भाऊ पुढे सुधारतो का? गोष्टीत काही नाही तसं."

"भाऊ मीच आहे. मलाच विचार."

ती जराशी दचकली. मग म्हणाली, "सही नाही केली तर माहेर तुटेल का हो?"

"माझ्यासारखा असला तर तुटेल. सहा वर्षं."

"आणि केली तर?"

"केली तर तुटणार नाही. पण दर खेपेला तू पाहुणी म्हणून जाशील, आणि त्याला ते कळणारसुद्धा नाही. मला कळलं नव्हतं."

सुमनने पर्समधून फोन काढला. मग तिथेच, आमच्या सगळ्यांच्या देखत तिने फोन लावला. "दादा, उद्या येते मी. हो, कागद आणते. सही नाही करणार. बसून बोलायचंय." तिकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिने फोन पर्समध्ये टाकला, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "पुढच्या रविवारी काय वाचायचं?"

मुग्धाने घराची एक किल्ली मला दिली आहे. रविवारी तीनच्या आत बोरिवलीहून जाऊन मुलुंडचं दार उघडायचं, ते आता माझं काम.