अकरा नंबरची चादर

चार दिवस उन्हानं तोंड दाखवलं नव्हतं. तारेवरच्या चादरी हाताला गारढोण लागत होत्या आणि खाली मळक्यांचा नवा ढीग येऊन पडला होता. काकूनं पदर खोचला, नळ सोडला आणि ढीग उपसायला घेतला.

कुत्र्यांच्या त्या निवाऱ्यात नऊ वर्षं ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धुणं धुवत होती. पिंजऱ्यांकडे तिचं जाणं नसे. कुत्री तिला तोंडावरून कमी आणि चादरींवरून जास्त ठाऊक. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात पिंजऱ्याचा नंबर शिवलेला. तीन नंबरच्या काठांची चावून चावून पार झालर झाली, म्हणजे तिथल्या कुत्रीचा जीव टांगणीला. सात नंबरला मूठ मूठ केस. वीस नंबर लाळेनं चिंब.

"माणसं पदराला डोळे पुसतात, यांना बिचाऱ्यांना चादर," ती पुटपुटली. एकटीनं बोलायची सवयच जडली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. लेक लांब, रविवारी फोन करायचा. "आई, काही त्रास नाही ना?" "नाही रे बाबा." संपला फोन.

ढिगातून अकरा नंबरची निघाली आणि तिचा हात थांबला. कोरडी ठाक. ना केस, ना डाग. तिनंच घातलेली चौपदरी घडी जशीच्या तशी. चार दिवस अशीच येत होती.

तेवढ्यात पिंजरे झाडणारा लांब्या बादली घेऊन आला, दारातून वाकून.

"काय रे, अकराला चादर टाकतोस की नाही?"

"रोज टाकतो. पण देवमाणूस आहे तो, काकू! भुंकणं नाही, घाण नाही, कोपऱ्यात बसला की बसला. आज घरी चाललाय. दोन पोरांचं बिऱ्हाड येतंय न्यायला."

"झोपतो कधी?"

"मला काय ठाऊक? मी काय अंगाई म्हणायला जातो?"

"मागं एकदा घरी जाऊन परत आलाय ना हा?"

"आलाय. पुन्हा आला तर बाहेर द्यायचा नाही, नियमच आहे. मग जन्मभर इथंच."

काकूनं नळ बंद केला. चार दिवस जो अंग टाकत नाही, त्याच्या गळ्यात दोन पोरं पडली तर तो दात लावणारच. दोष कुणाचा? कुत्र्याचा. पण धुणंवालीचं ऐकतंय कोण! तरी घडी काखेत मारून ती तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली.

"बाई, हे बघा."

"स्वच्छ आहे की!"

"तेच सांगतेय. पिंजऱ्यातून आलीय. मोडलीच नाही घडी. शांत नाही तो बाई, भ्यायलाय."

बाई उठून पिंजऱ्यांकडे गेल्या, काकू मागोमाग. अकरा नंबरचा कुत्रा भिंतीला अंग चिकटवून बसला होता, शेपटी पोटाखाली. बाई नुसत्या वाकल्या, तशी त्यानं मान फिरवली आणि डोळ्याची पांढरी कड दिसली. समोर खायला काही नसताना ओठ चाटले. मग जांभई दिली, झोपेची नव्हे, भेदरल्याची.

"आम्ही याच्या कागदावर 'समंजस' लिहिलंय," बाई हळूच म्हणाल्या.

"माझा लेकही माझ्याबद्दल हेच सांगतो सगळ्यांना," काकू बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

बिऱ्हाड आलं. बाईंनी पंधरा दिवस थांबा म्हटल्यावर बाप कुरकुरला, धाकट्यानं भोकाड पसरलं, आणि शेवटी चौदा नंबरचं भुंकरं पिल्लू घेऊन मंडळी गेली. काकूला चुटपुट लागली. चालून आलेलं घर आपणच याच्या तोंडचं काढून घेतलं की काय?

बाईंनी अकराला पिंजऱ्यांच्या गलक्यातून काढून मागच्या शेडमध्ये आणलं. काकूनं कोपऱ्यात त्याची चादर उलगडून घातली. तो चादरीकडे बघत उभाच. काकूला आपला पलंग आठवला. त्याच्यावरची चादरही सहा वर्षं अशीच ताठ होती. काकू खुर्चीतच डोळा लावायची.

"नको बसूस. जबरदस्ती नाही कुणाची," ती म्हणाली. "मी नाही बघत."

मग तिनं एक ओली चादर पिळली, त्याच्या न् आपल्या मधल्या तारेवर आडवी टाकली, आणि पाठ करून तीन नंबरच्या कुरतडलेल्या काठांना साबण लावायला बसली.