बिनदाराच्या घराचा पत्ता

थोरली ज्या इमारतीत राहत होती, ती इमारत ती स्वतःच बांधत होती. पाच बहिणींत मोठी म्हणून माहेरी थोरली, आणि परमुलखातल्या या साइटवरही तेच नाव चिकटलं. एकेक स्लॅब पडला की ती आणि नवरा भांडीकुंडी उचलून एक मजला वर सरकायचे. सध्या मुक्काम पाचव्यावर. दारं-खिडक्या नाहीत, पण वारा असा की पंख्यानं लाजावं.

सातवा महिना लागला तरी सरकारी दवाखान्यात तिचं नाव लागेना. कार्ड नाही तर तपासणी नाही, आणि तपासणी नाही तर बाळंतपणाला खाट नाही. आज तिसरी खेप.

"पत्ता?" खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

तिनं गावचा सांगितला.

"मग गावच्या दवाखान्यात जा."

"पोट इथं वाढतंय ना, साहेब."

मागची रांग खुदकन हसली. कारकून हसला नाही. "इथला सांगा. घर नंबरासकट."

"नंबर कुठला? पाण्याच्या टाकीमागं नवी इमारत उठतेय, तिथं पाचवा मजला. पुढच्या महिन्यात सहावा."

कारकुनाचं पेन थांबलं. "टाकीमागची? पाचवा झाला? अहो, चौथ्यावर कोपऱ्यातलं घर माझं आहे! पैसे भरून दोन वर्षं झाली, वॉचमन आत पाऊल टाकू देत नाही."

"अगोबाई! तिथं तर आम्ही दोन महिने राहिलो. ओट्यावर सकाळचं ऊन छान येतं. बाथरूमचा उतार मात्र उलटा झालाय, पाणी खोलीत येतं. फरशी बसायच्या आत ओरडा."

कारकुनानं घाईघाईनं मोबाइलमधला आपला करारनामा उघडला. त्यात इमारतीचा पत्ता प्लॉट नंबरासकट छापलेला होता. तोच त्यानं कार्डावर उतरवला. फक्त चौथ्याचा पाचवा केला.

आत डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रक्तदाब वाढलाय. ओझं उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत, तसं कार्डावर लिहून देते. किती उशिरा आलात!"

"आले होते लवकर. खिडकीतून आत यायला वेळ लागला."

दुपारी तिनं नवऱ्याला हाक मारून बिऱ्हाड तळमजल्यावर आणवलं, थेट सिमेंटच्या गोण्या ठेवायच्या खोलीत. मुकादम धावत आला. "वहिनी, इथं माल ठेवायचाय!"

तिनं कार्ड पुढं केलं. "सरकारी आहे. वाचा."

मुकादमानं दोनदा वाचलं, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि पुटपुटत खोली रिकामी करायला पहिली गोणी स्वतःच्या पाठीवर घेतली.