शेंदूर फासलेलं इंजिन

इंजिनाला कान लावून त्याचा आजार ओळखणारा माणूस, अशी दुबईच्या रास अल खोरमध्ये काही काळ माझी ख्याती होती. ती मिळवण्यात माझा स्वतःचा वाटा फारच थोडा होता, म्हणून ती कशी मिळाली ते आधी सांगतो.

मी बांधकामाचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. खिळे, सळ्या, प्लायवूड मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. एका सकाळी आमच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, पिकअप गोडाऊनच्या दारातच बंद पडली. सगळे बॉनेटभोवती जमले. गर्दी दिसली की मला मागे उभं राहवत नाही. गावाकडच्या एका मेकॅनिकला मी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटताना पाहिलं होतं. मी अगदी तसंच केलं. इंजिन बंद होतं, तेव्हा ऐकू काही येणारच नव्हतं, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. डोळे उघडले तर नाकासमोर बॅटरीची वायर लोंबत होती. ती मी दोन बोटांनी खोचली आणि सावकाश म्हणालो, "अब स्टार्ट करो."

गाडी सुरू झाली. अरबाब माझ्याकडे बघतच राहिले. त्या दिवसापासून कुणाच्याही गाडीत खुट्ट झालं की मला बोलावणं यायचं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन जायचो, डोळे मिटायचो आणि "टॅपेट" म्हणायचो. टॅपेट म्हणजे काय, हे मला नक्की माहीत नव्हतं, पण शब्द ठसठशीत होता आणि त्याला सहसा कुणी विरोध करत नसे.

तेव्हा माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलेलं होतं. बायको आणि मुलगी साताऱ्याजवळ माझ्या सासरी होत्या, आणि मी इथे चार जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर. त्यांना आणायचं तर फॅमिली व्हिसा हवा, व्हिसाला ठराविक पगार हवा, आणि स्टोअरकीपरचा पगार त्या रेषेच्या खालीच संपायचा. दर शुक्रवारी मी कार्ड घालून बूथवरून फोन करायचो.

"अहो, व्हिसाचं काय?"

"होईल गं. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. तारीख सांगा."

अशा दिवसांत अरबाबनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्याकडे तरुणपणी घेतलेली एक अमेरिकन गाडी होती. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. तिचं इंजिन खलास झालं होतं. मोठ्या मुलाच्या लग्नाच्या वरातीत सगळ्यात पुढे तीच गाडी हवी आणि ती चालवणार आपण स्वतः, असा त्यांचा हट्ट होता. शारजाच्या भंगार बाजारात तसलंच एक जुनं इंजिन आल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

"तुम आओ मेरे साथ," अरबाब म्हणाले. "इंजन अच्छा मिला, गाडी चला, तो तुम स्टोअर में मफी. परचेस में. सॅलरी बडा. फॅमिली लाओ."

मी 'हो' म्हणालो. 'मफी' म्हणजे नाही; स्टोअर सुटणार, मी खरेदीखात्यात बसणार आणि पगार त्या रेषेच्या वर जाणार.

संध्याकाळी खोलीवर आलो. खालच्या बंकवर खेडचा एक ट्रेलर ड्रायव्हर होता. आयुष्य इंजिनावर बसून काढलेला माणूस. त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की माझा बंक हलला.

"तू इंजिन बघणार? अरे, तू परवा प्रेशर कुकरला टॅपेट म्हणालास!"

"हसू नको रे. माझ्या बायकोचा प्रश्न आहे."

मग त्याला दया आली. "हे बघ. ऑइलची पट्टी बाहेर काढ. ऑइल ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, पळून ये. पुढची पुली हाताने हलव. खडखड वाजली तर पळून ये. बाकी तू बोलू नको."

पहिल्या दोन गोष्टी मी पाठ केल्या. तिसरी माझ्या स्वभावात बसणारी नव्हती.

भंगार बाजारातला विक्रेता एक धिप्पाड पठाण होता. त्याने चहा मागवला आणि मग एखादी उपवर मुलगी बाहेर आणावी तशा थाटात ताडपत्री बाजूला केली.

आणि मी पाहिलं. इंजिन शेंदरी होतं.

फिकट नारिंगी वगैरे नव्हे. डोंगरावरच्या मारुतीला असतो तो, अस्सल शेंदरी. वरपासून खालपर्यंत. कडेकडेला थोडा काळवंडलेला, पण शेंदूरच. ज्या मुलखात रस्त्याकडेच्या दगडालाही शेंदूर फासला की लोक वाहन थांबवून नारळ फोडतात, त्या मुलखातून मी आलो होतो. शेंदराच्या आत नुसता धोंडा असतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. आयुष्यात मी जेवढी इंजिनं पाहिली, स्कूटरची, एसटीची, विहिरीवरच्या पंपाची, ती सगळी काळी नाहीतर करडी होती. इंजिनाला कोण शहाणा शेंदरी रंग देईल? ज्याला काही लपवायचंय तोच!

मी पट्टी काढली. ऑइल काळं होतं, ताक नव्हतं. पुली हलवली. खडखडली नाही. माझा संशय आणखी वाढला. एवढं निर्दोष म्हणजे लबाडी चांगलीच मुरलेली दिसत होती.

"कितना?" अरबाबनी विचारलं.

"छे हजार, अरबाब. आपके लिए."

"सहा हजार दिरहम!" मी मराठीतच ओरडलो आणि मग सवयीने मोठ्याने हिशोब केला, "म्हणजे साठ हजार रुपये! अहो, एवढ्यात गावाला दोन खोल्या उठतील, संडासासकट!"

पठाणाला शब्द कळले नाहीत, पण तोंड कळलं.

"क्या बोलता ये?"

आता मला कोण आवरणार? मी इंजिनाभोवती फिरायला लागलो. स्क्रूड्रायव्हर काढला, कानाला लावला, मान हलवली. नखाने रंग खरवडला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "खान साहब, ये इंजन है या मंदिर का मूर्ती? इतना मेकअप? शादी करानी है इसकी?"

"कलर ओरिजिनल है, हबीबी! कंपनी का!"

"कंपनी का! कोई कंपनी इंजन को ऐसा रंग देगा? अंदर क्रॅक है, बाहर कलर है. ये तो हम भाजीवालेसे भी नहीं लेगा!"

इंजिनाचा आणि भाजीवाल्याचा काय संबंध, ते मलाही सांगता आलं नसतं, पण वाक्य बाहेर पडलं होतं आणि मला आवडलंही होतं. बाजूच्या दुकानांतली माणसं जमायला लागली. प्रेक्षक दिसले की माझा आवाज आपोआप चढतो. मी तळतळून बोलत होतो, कारण मला त्या शेंदराआड माझी बायको आणि मुलगी कायमची साताऱ्याला अडकलेली दिसत होती. अरबाब मात्र माझ्याकडे बघतही नव्हते. ते इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकून लोखंडात कोरलेल्या कसल्याशा आकड्यांवरून बोट फिरवत होते. मला वाटलं, म्हातारा धूळ पुसतोय.

पठाण पाच हजारांवर आला. मी "मूर्ती" म्हणालो. तो साडेचारवर आला. मी गर्दीला उद्देशून हात जोडले. शेवटी त्याने पगडी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अरबाब, इसको ले जाओ यहाँसे. तीन हजार दो, इंजन भी ले जाओ."

"खलास," अरबाब म्हणाले. "यल्ला, लोड करो."

मला आधी वाटलं, ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलतायत. मग क्रेनचा हूक शेंदराला लागला. मी अरबाबच्या कंदुऱ्याची, त्यांच्या त्या पांढऱ्या पायघोळ झग्याची, बाही धरली. एरवी मी असं कधीही केलं नसतं.

"अरबाब, मत लो! ये नहीं चलेगा! मैं बोलता ना!"

"चुप. गाडी में बैठो."

शारजाहून दुबईपर्यंत मी आरशातून मागच्या त्या शेंदरी ढिगाकडे बघत होतो. हे इंजिन चालणार नाही. वरातीत गाडी ढकलावी लागणार. अरबाबची सगळ्या पाहुण्यांसमोर शोभा होणार आणि ते म्हणणार, स्टोअरकीपर सोबत असून असं झालं. शुक्रवारी फोनवर काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो.

अरबाबच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे ती लांब नाकाची गाडी कापडाखाली उभी होती आणि शेजारी, जुन्या टायरांवर, तिचं मेलेलं इंजिन ठेवलेलं होतं.

ते शेंदरी होतं.

अरबाबनी मला मनसोक्त बघू दिलं. मग त्यांच्या पोटातून एक हसू निघालं आणि बराच वेळ थांबेना.

"ये कंपनी का सब इंजन ऐसा कलर," ते डोळे पुसत म्हणाले. "मैं देखा, नंबर ओरिजिनल. एक नंबर इंजन."

"तो अरबाब, आप मुझे बोला क्यों नहीं?"

"बोलता तो तुम ड्रामा करता. पठान बहुत होशियार, झूठ पकडता. लेकिन तुम झूठ नहीं बोलता. तुमको सच्ची खराब लगता. ऐसा आदमी किधर मिलेगा?"

म्हणजे मी परीक्षक म्हणून गेलोच नव्हतो. किंमत पाडण्यासाठी नेलेलं एक प्रामाणिक अज्ञान होतो मी. अपमान वाटून घ्यावा की आनंद, याचा विचार करत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "नेक्स्ट मंथ तुम परचेस में." मी आनंद वाटून घेतला.

वरातीत गाडी अशी गुरगुरली की रस्त्याकडेच्या उंटांनी माना वळवल्या. मी कडेला उभा राहून डोळे मिटून ऐकलं. टॅपेट अजिबात नव्हतं.

शुक्रवारी मी तारीख सांगितली. बायकोने ती माझ्याकडून तीनदा वदवून घेतली, तोवर कार्ड संपलं.

परचेसमध्ये मी काही काळ फारच यशस्वी होतो. मग मी एक चूक केली. शिकायला लागलो. पुस्तकं आणली, वर्कशॉपमध्ये उभा राहू लागलो, कोरलेले आकडे वाचायला शिकलो. एकदा एका गिअरबॉक्ससमोर विक्रेत्याच्या देखतच माझ्या तोंडून "वा, ओरिजिनल!" निघून गेलं. त्याने किंमत तिथल्या तिथे वाढवली. परत येताना अरबाब हताशपणे म्हणाले, "तुम खराब हो गया."

पण त्याआधी, बायको आणि मुलगी आल्या त्याच आठवड्यात, अरबाबनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर ते मोठ्या हौसेने आम्हाला शेडकडे घेऊन गेले, कापड ओढलं आणि बॉनेट उघडलं. बायको पदर सावरत पुढे झाली, वाकली, आणि दचकून मागे सरली.

"अगं बाई! अहो, ह्याला शेंदूर कुणी फासला? आतून फुटलंय की काय?"

अरबाबनी मला विचारलं, मदाम काय म्हणाल्या. मी भाषांतर केलं. ते तिच्या खऱ्याखुऱ्या, काळजीने भरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. असे ते फक्त उत्तम इंजिनाकडे बघायचे.

"नेक्स्ट टाइम शारजा," ते मला म्हणाले, "मदाम को भी लेके आओ."