हेराची अकरा जॅकेटं

खरं तर हे सांगायचं नव्हतं. मावशीने सही केलेल्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलं होतं: सिनेमाचं नाव, हिरोचं नाव, गोष्ट, काहीही बाहेर बोलायचं नाही. मी आत्ता कुठे दहावीत जाणार, अठरा पूर्ण नाहीत, म्हणून माझी सही कुणी मागितलीच नाही. मावशीने मला तोंडी बजावलं तेवढंच. मग मी विचार केला, नाव सांगायचं नाही, हिरो सांगायचा नाही, गोष्ट तर मला अजूनही कळलेली नाही. उरलेलं सांगायला काय हरकत आहे? किस्से हे गोडाऊनमधल्या ताग्यांसारखे असतात. एकावर एक चढत जातात, आणि वरचा उचलल्याशिवाय खालचा निघत नाही.

तर सिनेमा हेराचा आहे, मारामारीचा, आणि दुसरा भाग आहे. पहिल्या भागात हेर मेला होता. मग दुसऱ्यात तो जिवंत कसा, हे मावशीने युनिटमधल्या तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली!

शूटिंग आमच्या भिवंडीजवळच्या राहनाळच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये वीस दिवस चाललं. सुनंदामावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तिथे शिवणकामाला होती. ती आमच्याकडेच राहते आणि गेली बारा वर्षं ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. आई म्हणाली, "एकटी जायचं नाही." म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या सोबतीला. मावशी छत्तीस वर्षांची आहे.

पहिल्याच दिवशी कपड्यांचं सगळं बघणाऱ्या मॅडमनी शिवणाऱ्या तिघांना उभं करून सांगितलं, "पुढचं शेड्युल मनालीला आहे. तिथे एकालाच नेणार. कोणाला, ते शेवटच्या दिवशी सांगेन." बाकीचे दोघे मुंबईचे, अनुभवी. मावशीने मशीनमध्ये बॉबिन उलटी बसवली. मावशीचा आत्तापर्यंतचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे एसटीने गणेशपुरी.

घरी आई म्हणाली, "बर्फात ब्लाऊज कोण शिवतं?"

"ब्लाऊज नाही ताई, जॅकेट."

"मग तर बघायलाच नको!"

*

हेराचं जॅकेट एक नसतं, अकरा असतात. सगळी काळी, एकाच मापाची. कोणतं कधी घालायचं हे कळावं म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी लावतात. माझं अक्षर बरं आहे, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. 'स्फोटाआधी.' 'स्फोटानंतर.' 'स्फोटानंतर, पण पाण्यात पडून.'

जॅकेट फाडायलाही पगारी माणूस असतो, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे दिनेशदादा होते. ते ब्लेड आणि पॉलिश पेपर घेऊन दोन दिवस 'स्फोटानंतर' फाडत होते, फार मन लावून. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मावशीला कपड्यातलं भोक बघवत नाही. ती जेवायला गेलीच नाही.

जेवणानंतर मॅडमनी जॅकेट उचललं, उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, "फाटलेलं कुठाय?"

"हेच ते," मावशी म्हणाली.

मॅडमनी चष्मा लावला. दिनेशदादांनी उजेडात धरून पाहिलं. स्वतः पाडलेलं भोक त्यांना सापडेना!

"ताई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे मुद्दाम फाडलं होतं."

"कुणी?" मावशीने रागाने विचारलं.

दिनेशदादांनी हात वर केला.

मॅडमनी त्यांच्या वहीत मावशीच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. आम्हाला वाचता आलं नाही, पण लांबलचक होतं.

*

सिनेमाचं नाव गुप्त. पण युनिटच्या गाड्यांना रस्ता तर कळला पाहिजे. म्हणून नाक्यावर बाणाची पाटी लावतात आणि तिच्यावर खोटं नाव लिहितात. मुंबईत बसून कुणीतरी साधंसं, कुणाचं लक्ष जाणार नाही असं नाव निवडलं होतं: 'पाटील परिवार'.

भिवंडी तालुक्यात! लग्नसराईत!

पाचव्या दिवशी सकाळी दिघाशीचे एक आजोबा आणि आजी बाण बघत बघत आत आले. आजोबांच्या डोक्यावर टोपी, आजींच्या हातात आहेराची तांब्याची कळशी. त्या दिवशी गर्दीच्या सीनसाठी शंभर माणसं येणार होती, म्हणून गेटवर कुणी अडवलं नाही. उलट नाश्ता दिला. मग एक असिस्टंट धावत आला, त्याने आजोबांच्या हातात लाकडी बंदूक दिली आणि म्हणाला, "चाचा, आप पीछे खडे रहना."

आजोबांनी आजींना विचारलं, "नवरा मिलिट्रीत हाय का गं?"

"मंग! त्याबिगर एवढी मानसं आली?"

दोन टेक झाले. तिसऱ्याच्या आधी आजींनी मावशीला बाजूला घेतलं आणि कानात विचारलं, "पोरी, मांडव न्हाय, भटजी न्हाय. पोरगी पलून आलीय का?"

मावशीने खरं काय ते सांगितलं. दोघं हसली, जेवून गेली. पण आणलेला आहेर परत न्यायचा नसतो, म्हणून कळशी ठेवून गेली. ती कळशी आता व्हिलनच्या परदेशातल्या अड्ड्यावर आहे. काढता येत नाही, कारण एका शॉटमध्ये ती दिसली आहे.

*

सेटवर बॉम्बची चाळीस खोकी होती. आर्टवाल्यांनी त्यांच्यावर शोभेसाठी निळा पट्टा मारला होता. शेजारच्या गाळ्यात मात्र खरा माल असतो, आणि तिथे निळा पट्टा म्हणजे आजच्या आज पाठवायचा माल. सकाळी सातला आमचं युनिट पोचायच्या आत तिथल्या हमालांनी चाळीसच्या चाळीस ट्रकमध्ये भरून टाकली.

ट्रक पडघ्याहून परत आणला. प्रॉडक्शनचे साहेब ड्रायव्हरवर खेकसले, "खोकी रिकामी आहेत हे वजनावरून कळलं नाही?"

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "साब, आजकल आधा माल तो चिप्स का ही रहता है."

*

गोडाऊनच्या मागच्या बाजूला कापड विणायचे लूम आहेत. दिवसभर खटखट. आपल्याला ती ऐकूच येत नाही, पण डायरेक्टर सरांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. हेराने हळू आवाजात गुपित सांगायचं, आणि मागे चोवीस लूम. आवाजाचं काम बघणारे दादा हात जोडून लूमच्या शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "तुमचा हेर थोडा मोठ्याने बोलला तर?"

नवव्या दिवशी दुपारी लाईट गेली. लूम गप्प झाले. सगळी भिवंडी "अरेरे" म्हणाली असेल. डायरेक्टर सर मात्र खुर्चीवरून उडी मारून ओरडले, "लाईट गई! जल्दी, जल्दी!" आमच्याकडे जनरेटरची गाडी होती. अर्ध्या तासात दोन दिवसांचे डायलॉग उरकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहून एका असिस्टंटने विजेच्या ऑफिसात फोन लावला आणि तक्रार केली, "आज लाईट का गेली नाही?"

*

हिरोच्या उड्या मारतात ते असलमभाई. पाठमोरे ते आणि हिरो अगदी एकसारखे दिसतात, त्यासाठीच त्यांना घेतलेलं असतं. असलमभाईंना पोक काढून उभं राहायची सवय होती आणि त्यामुळे जॅकेटची पाठ वर चढायची. मावशी त्यांना दिवसातून दहा वेळा सांगायची.

अकराव्या दिवशी तिने मागून जाऊन पाठीत धप्पकन थाप मारली. "सरळ उभा राहा रे! किती वेळा सांगायचं?"

ते वळले. हिरो होते.

चार बॉडीगार्ड पुढे आले. मी हँगरच्या स्टँडमागे गेले. पूर्ण गोडाऊनमध्ये फक्त लूम ऐकू येत होते. मावशी त्याच आवाजात म्हणाली, "तुम्हीपण पोक काढू नका."

हिरो सरळ उभे राहिले. मॅडमनी वही उघडली.

"म्हणजे मनाली गेली," संध्याकाळी घरी आई म्हणाली. तिला फार वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. मावशीने त्या रात्री भाजीत मीठ घातलं नाही. सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

*

शेवटच्या दिवसाचा शेवटचा शॉट. तोपर्यंत दहा जॅकेटं संपली होती. जळली, फाटली, भिजली. स्वच्छ एकच उरलं होतं आणि ते हिरोच्या अंगावर होतं. आतून त्यांना दोरखंडाचे पट्टे बांधले होते, ते बांधायलाच पाऊण तास लागला होता. वरच्या पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येत होती. हिरोने तिच्यातून उडत खाली यायचं, व्हिलनपुढे उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं. ते वाक्य लिहायला लेखक सरांना म्हणे चार महिने लागले होते. तिरीप दहा मिनिटांत सरकणार होती.

हिरोने हात वर केला आणि काखेतली शिवण टर्रकन उसवली.

पट्टे सोडायला वेळ नव्हता. मुंबईच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण मशीन काही काखेत घालता येत नाही. मॅडम ओरडल्या, "ताई, अंगावरच शिवा!"

मावशी सुई ओवून पुढे गेली. टाका घालणार, तेवढ्यात थांबली. गळ्यात अडकवलेल्या रिळाचा वीतभर लाल दोरा तोडला आणि हिरोला म्हणाली, "हा तोंडात धरा."

"आता हे काय?" डायरेक्टर सर.

"अंगावरचा कपडा शिवताना तोंडात दोरा धरतात. जिवंत माणसाला तसंच शिवत नाहीत."

"ताई, आत्ता नको, प्लीज! ऊन चाललंय!"

"चालू दे."

मॅडम जवळ आल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "असा हट्ट केलात तर पुढचं विसरा."

मावशीचा चेहरा एवढासा झाला. मी तो पाहिला. पण सुई तिने खालीच धरली होती.

"विसरते," ती म्हणाली. "वर टांगणार आहात त्यांना. तीस फुटांवर. दोरा धरल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

डायरेक्टर सरांनी वर तिरिपीकडे पाहिलं. मग हिरोने लहान मुलासारखा आ केला.

मावशीने दोरा दातांत दिला. "मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. बोलायचं पण नाही." आणि अकरा टाके घातले. मी मोजले. बारावा घालून गाठ मारते न मारते तोच डायरेक्टर सर ओरडले, "ऊन जातंय! रोल!" मावशीला कुणीतरी हाताला धरून बाजूला ओढलं. हिरो वर गेले.

ते तिरिपीतून खाली आले. लाथा मारल्या, दोघांना पाडलं, व्हिलनपुढे उभे राहिले. आणि बोललेच नाहीत. मावशीने अजून सांगितलं नव्हतं ना! त्यांनी नुसतं व्हिलनकडे पाहिलं आणि तो लाल दोरा ओठांच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. सावकाश.

"कट," डायरेक्टर सर म्हणाले. तेही सावकाश.

मॉनिटरवर त्यांनी तो शॉट तीनदा पाहिला. लेखक सर डोक्याला हात लावून खोक्यावर बसले. आधी काय दिसलं ते टिपून ठेवणारी एक ताई असते, ती पुटपुटत लिहू लागली, "लाल दोरा, डावीकडून उजवीकडे." डायरेक्टर सरांनी मान वर केली आणि विचारलं, "मनालीत हा तोंडात कोण देणार?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. हिरोच्या तोंडात दोरा अजून होताच. मॅडम वही न उघडता पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे स्वेटर आहे?"

मावशीने आधी सुई नीट खोचून ठेवली. मग मॅडमकडे पाहून म्हणाली,

"अगं ए, किती वेळ लिहीत बसशील? स्टूल धर ये! माझी लोकरीची शाल माळ्यावर आहे, सुनंदाच्या बॅगेत भरायचीय!"

हे मावशी नाही म्हणाली, ही आईची हाक. मावशी म्हणाली ते असं, की... आले गं आई, आले!