मानुएलिनचा सत्तेचाळीस नंबरचा पाय

मानुएलिन क्वेइरोलोला गावात कुणी अनवाणी पाहिलं नव्हतं. समुद्रातसुद्धा बूट घालून उतरायचा. पाय सपाट, फावड्यासारखे, नंबर सत्तेचाळीस. शाळेत पोरं ‘बदक’ म्हणायची, ते सत्तरी आली तरी डोक्यातून गेलं नव्हतं. पण गडी चालायचा! रोज सकाळी लिंबाच्या बागेतल्या पायवाटेनं खाली बेकरीत, गरम फोकाच्चा पाव आणायला.

बाग घेतली मिलानच्या एका शेठनं. त्यानं वाटेला फाटक ठोकलं आणि नगरपालिकेत अर्ज टाकला, की वीस वर्षांत इथून कुणी चाललेलं नाही, वाट रद्द करा. कायदा तसाच आहे. वकिलांपेक्षा मला जास्त पाठ आहे. पायवाट बचाव समिती म्हणजे मीच.

पाहणीला साहेब आले. साक्षीदार उभे केले, तर शेठ म्हणतो, “सगळे यांच्याच गावचे. खोटारडे!”

“खोटारडा तुझा—” मी सुरुवात केली, साहेबांनी हात वर केला.

मग मी वाटेवरची रुंद पायरी दाखवली. बारा वर्षांपूर्वीचं सिमेंट, कोपऱ्यात तारीख कोरलेली, आणि मधोमध अनवाणी पावलांची रांग. आमचे मानुएलिनकाका! नवे बूट खराब होतील म्हणून पहाटे ते हातात घेऊन ओल्या सिमेंटातून गेले होते.

“ही तर बदकाची पावलं!” शेठ खिदळला.

काका लालबुंद.

“काका, बूट काढा. पाय ठेवून दाखवा.”

“मेलो तरी नाही.”

“वाट जाईल. मोटाररस्त्यानं चार किलोमीटर. फोकाच्चा गार.”

“गार खाईन.”

आता काय करावं? “काका, आपल्यात पायी चालणाऱ्याला काय म्हणतात?”

“पेदोन. त्यात काय?”

“पाद्रीबाबांच्या लॅटिन कोशात पाहिलंय मी. मुळात पेदो म्हणजे पसरट पायांचा माणूस. आधी तुमच्यासारख्यांना चिडवायला होता तो शब्द. मग चालणाऱ्या सगळ्यांनाच चिकटला.”

“म्हणजे आमच्यावरून?”

“तुमच्यावरूनच. आम्ही आपले नावाला पेदोन.”

काका शेठकडे वळले. “तुझा नंबर किती रे?”

“एक्केचाळीस.”

“हं! आणि म्हणे वाट बंद करतो.” पायरीवर बसून त्यांनी बुटांची नाडी सोडली. पाय ठशात असा बसला, जसं डब्याला झाकण. साहेबांनी अंगठा मोजला, लिहून घेतला. आठवड्यात फाटक निघालं.

तेव्हापासून काका बेकरीत अनवाणीच जातात, रांगेत सगळ्यांना पाय दाखवत. परवा बेकरीवाली माझ्यावरच खेकसली, “तुमची समिती आवरा! इथं लोक खातायत!”