काकीच्या चुलीवरचा माणूस

आमचं गाव वडखळच्या अलीकडे, खाडीला लागून. गाव केवढं, याची दोन उत्तरं आहेत. ग्रामपंचायत माणसं मोजते. गावकी उंबरे मोजते. उंबरा म्हणजे चूल. भाऊ वेगळे झाले, दोन चुली पेटल्या, की दोन उंबरे. दर उन्हाळ्यात खाडीचा बांध भरायला उंबऱ्यामागे एक माणूस यावा लागतो. मजूर चालत नाही, घरचाच हवा. नाही आला तर पुढच्या शिमग्याला त्या दारात पालखी थांबत नाही.

मिठागरं बहुतेक बंद झाली. पोरं कंपनीत, नाहीतर पनवेलला. त्यांच्या घरांमागे खोल्या उठल्या आणि त्यांत बिहार, ओडिशाची माणसं आली. गणपतीपुरतं कुलूप काढणारी घरं गावकीच्या हिशेबात आहेत. रोज आमच्याच नळावर पाणी भरणारे नाहीत.

शेजारची काकी एकटी. त्या वर्षी मुलाचा फोन आला, सुट्टी मिळत नाही. काका होते तोवर पालखी कधी दारावरून पुढे गेली नव्हती. काकीने मागच्या खोलीतल्या, रात्रपाळी करून आलेल्या भाडेकरूला उठवलं आणि बांधावर नेलं.

बांधावर चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकत होते. मीही रांगेत होतो. बाजूला ‘एकजुटीचं गाव’ असा फलक, त्यावर गावकीच्या अध्यक्षांचा फोटो. फलकाखाली खुद्द अध्यक्ष, फोटोतल्याच कडक इस्त्रीत.

“काकी, ह्यो कोन?”

“माझ्या घरचा.”

“भाडेकरू हाय तो. उंबऱ्याचा कसा व्हईल?”

“जेवतो कुठं, इचार त्याला.”

अध्यक्षांनी हिंदीत विचारलं. “काकी के यहाँ,” तो म्हणाला. “दोनों टाइम.”

“आयकलंस? तू नि तुझा भाऊस वेगळे झालाव, तवा गावकीनं चुलीच बघितल्या ना? तवा चूल चालली, आता नाय चालत?”

“काकी, आता याला सून पन बघ गो!” रांगेतून कोणीतरी ओरडलं.

“तुझी घरात टिकली का ते बघ आधी.”

रांग हसली. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांच्या परसात खोल्यांची चाळ आहे आणि प्रत्येक खोलीत वेगळा गॅस. चुलीचा नियम भाडेकरूंना लागला, तर त्यांचं परसच एक वाडी ठरणार होतं, आणि तिथला प्रत्येकजण गावकीच्या बैठकीत सतरंजीवर बसणार होता. हे त्यांच्या लक्षात येताना मी समोरून पाहत होतो. एवढ्यात पलीकडून हाक आली, “भरती लागली, गोळा पुढं द्या!” गोळा भाडेकरूच्या हातात होता. त्याने पुढे दिला.

“बरं, यंदापुरता,” अध्यक्ष म्हणाले. “पन चुलीबिलीचं कुठं बोलू नका.”

शिमग्याला पालखी आमच्या आळीत आली. काकी नारळ घेऊन दारात उभी होती. ढोल तिच्यापाशी आला, आणि पालखी थांबली. पालखीला पहिला खांदा घरच्या माणसाचा लागतो. काकी मागच्या खोलीकडे वळून ओरडली, “ऊठ रे, किती झोपशील!”

कंपनीच्या पँटवरच, डोळे चोळत तो आला. खांदा कुठे द्यायचा हे त्याला अध्यक्षांनीच दाखवलं. खालच्या आवाजात, आणि जरा घाईने.